ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

चेन्नईच्या मांबलम स्टेशनात लोकल थांबली की गर्दीचे दोन भाग पडतात. मोठा लोंढा पूर्वेला जातो. तिकडे रंगनाथन स्ट्रीट, उस्मान रोड, पानगल पार्क; साड्या, स्टीलची भांडी आणि सोनं. २०२३ पासून स्टेशन ते टी. नगरचा बसथांबा असा ५७० मीटरचा उंच पादचारी पूल झालाय, त्यामुळे खरेदीला जाणाऱ्याचे पाय रस्त्याला लागतही नाहीत. उरलेली माणसं पश्चिमेला उतरतात. त्यांच्या हातात भाजीची पिशवी असते, केसांत मोगरा असतो आणि कुठे पोचायची फारशी घाई नसते. हे वेस्ट मांबलम. आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम, मेसच्या दारातली केळीची पानं, काढ्यांची आणि चूर्णांची दुकानं. दिवाळीच्या आधी इथे लेहियम विकायला येतं. पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळाआधी हा काळा, तिखट-गोड लेह सुपारीएवढा चाटायचा, म्हणजे पुढचं सगळं पचतं. स्टेशनाजवळ ‘बोळी’ मिळते. ती म्हणजे आपलीच पुरणपोळी. फक्त तूप सोडताना आपल्याइतका विचार करत नाहीत.

माझी मावशी इथे चाळीसहून जास्त वर्षं राहते. काकांची नोकरी रेल्वेत होती, ते निवृत्त झाले आणि घर इथलंच झालं. मावशी गोडा मसाला, मेतकूट आणि चकलीची भाजणी करते. चेन्नईतल्या मराठी घरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर ऑर्डरी येतात. आश्विनात तर तिला बोलायला फुरसत नसते. दुपारी दोनला मात्र ती थांबते, मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करते आणि पुण्याच्या बाईंचा व्हिडिओ लावते. पुण्याच्या बाई म्हणजे सीए रचना फडके-रानडे. मावशीला पी-ई रेशो म्हणजे काय ते येतं, इंडेक्स फंड आणि साधा फंड यांतला फरक येतो. ‘एक्स्पेन्स रेशो’ हा शब्द तर ती ‘वाटाणे किती महाग झालेत’ इतक्या सहज उच्चारते.

गेल्या खेपेला मी तिला म्हटलं, “मग कर की सुरू एखादी एसआयपी. आत्ता, माझ्यासमोर.”

अ‍ॅप उघडलं, पॅन नंबर घातला, बँक निवडली. पडद्यावर ओळ आली की तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. आम्ही दोघी मोबाइलकडे बघत बसलो. आतल्या खोलीतून टिंग असा आवाज आला. काका झोपले होते.

“त्यांच्याकडे जातो तो,” मावशी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “सगळेच जातात.”

मसाल्याचे पैसेही गेली सहा वर्षं काकांच्याच खात्यात जमा होतायत, कारण यूपीआय पहिल्यांदा त्यांच्या फोनवर सुरू झालं. काका वाईट नाहीत. विचारलं तर पै न् पै सांगतील. पण विचारावं लागतं, आणि मावशी विचारत नाही.

हा लेख मला बायकांना पैसा शिकवणाऱ्यांवर लिहायचा होता. त्या दुपारनंतर तो थोडा दुसरीकडे वळला.

बायकांना पैशातलं कळत नाही, या गृहीतकावर हा सगळा शिकवणीचा धंदा उभा आहे. आकडे तसं सांगतातही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातले २७ टक्के प्रौढ अर्थसाक्षर ठरले. बायकांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं, पुरुषांत २९. म्हणजे पुरुषांचंही पितळ उघडंच आहे, पण त्यांच्यासाठी कुणी गुलाबी रंगाचे वर्ग काढत नाही. शिवाय ही पाहणी जे विचारते तेवढंच मोजते. तमिळमध्ये ‘सिरुवाडु’ असा एक शब्द आहे. घरखर्चातून वाचवून, कुणाला न सांगता बाईनं बाजूला ठेवलेला पैसा, असा त्याचा अर्थ. त्याची जागा मोहरी-मेथीच्या पाच खणी डब्यात, नाहीतर डाळीच्या तळाशी. आपल्याकडेही तांदळाच्या डब्यात हात घातला की नोट लागते, पण त्या पैशाला एवढं नेमकं नाव मला मराठीत सापडलं नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि देशभरातला सिरुवाडु एकदम उघड्यावर आला. अडीच लाखांपर्यंतच्या गृहिणींच्या भरण्यावर प्रश्न विचारले जाणार नाहीत, असं सरकारला सांगावं लागलं. पुढे २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही एका गृहिणीच्या बाजूने तसाच निकाल दिला. वेस्ट मांबलमच्या घराघरात नोटाबंदीच्या त्या आठवड्यात नवऱ्यांना पहिल्यांदा कळलं की आपली बायको आपल्यापेक्षा जास्त शिल्लक टाकते. मावशीच्या डब्यातून ३८ हजार निघाले. ते काकांच्या खात्यात भरले गेले, कारण तिचं स्वतःचं खातं तेव्हा चालू नव्हतं.

हिशेबाचं म्हणाल, तर शेजारच्या मामींची चीट बघा. इथे प्रौढ बाईला मामीच म्हणतात. आपल्या भिशीत चिठ्ठी उचलतात. इथे लिलाव होतो, म्हणून तिचं नाव ‘एलच्चीट्टु’. मामींनी मला कागदावर मांडून दाखवलं. वीस जणी, महिना पाच हजार, वीस महिने. दर महिन्याला एक लाखाचा गल्ला. ज्या बाईला गरज आहे ती बोली लावते, पण उलटी: मी किती सोडायला तयार आहे, ते सांगते. समजा पाचव्या महिन्यात एकीनं वीस हजार सोडले. तिला ऐंशी हजार मिळाले. सोडलेल्या वीसमधले पाच हजार चीट चालवणाऱ्या फोरमनचे आणि उरलेले पंधरा हजार वीस जणींत वाटून प्रत्येकीला साडेसातशे. म्हणजे त्या महिन्याचा हप्ता सव्वाचार हजारच पडला. “आधी उचलणारी व्याज देते, शेवटी उचलणारी व्याज खाते,” मामी म्हणाल्या. पैशाला वेळेची किंमत असते, हे वित्तशास्त्राचं पहिलं सूत्र मी इतक्या कमी शब्दांत कुठल्या रीलमध्ये ऐकलेलं नाही. कोणत्या महिन्यात किती सोडणं परवडतं, हे मामी पापड लाटता लाटता सांगतात. शाळेच्या फिया जूनमध्ये, म्हणून मेमध्ये बोली चढते. आवणी महिन्यात लग्नं, तेव्हाही चढते. शहाण्या बाईनं मार्गळीत उचलावं, कारण त्या महिन्यात लग्नं नसतात आणि कुणाला घाई नसते.

याच शहरात १९७४ मध्ये श्रीराम चिट्‌सची सुरुवात झाली आणि त्यातून पुढे मोठा वित्तसमूह उभा राहिला. १९८२ चा चिट फंड कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं फोरमनचं कमिशन पाचावरून सात टक्क्यांपर्यंत नेलं. मामींची चीट नोंदणीकृत कंपनीची आहे, आणि ती नोंदणी त्यांनी स्वतः जाऊन बघितली होती. पण सभासदाच्या नावापुढे कुणाची सही आहे? त्यांच्या मुलाची.

रुळांपलीकडची शाळा सोन्याची. टी. नगरच्या पेढ्यांत ‘नगै चीट्टु’ चालते. अकरा महिने हप्ते भरा, वरून काही सवलत घ्या आणि दागिना उचला. हप्ते अकराच का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला नव्हता. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीनं ३६५ दिवसांत मालाशी चुकती केली नाही, तर २०१४ च्या ठेव नियमांनुसार ती ठेव धरली जाते, आणि ठेवी घेण्यावरचे नियम फारच कडक आहेत. म्हणून वर्ष भरायच्या आत खेळ आटोपतात. इथे सोनं पवुनात मोजतात. एक पवुन म्हणजे आठ ग्रॅम. आपला तोळा त्याहून मोठा, पण हव्यास तेवढाच. सोनं हीच बाईची खरी मालमत्ता, असं दोन्हीकडच्या आज्या सांगत आल्या. त्यात अर्धं खरं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केरळचं एक प्रकरण आलं. लग्नाच्या पहिल्याच रात्री बायकोचं ८९ पवुन सोनं ‘सुरक्षित राहावं’ म्हणून नवऱ्यानं घेतलं आणि आपल्या आईकडे ठेवायला दिलं. न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन पूर्णपणे बायकोचं आहे, ते नवरा-बायकोचं सामाईक नव्हे. भरपाई म्हणून २५ लाख द्यायला लावले. तो निकाल येईपर्यंत तिची किती वर्षं गेली, त्याला व्याज नाही.

या पार्श्वभूमीवर रानडेबाईंचं काम बघावं. सीएच्या विद्यार्थ्यांना शिकवत आलेली पुण्याची बाई यूट्यूबवर येते, शेअर बाजाराचे प्राथमिक धडे मालिकेसारखे मांडते आणि काही वर्षांत तिच्या श्रोत्यांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो. हिंदी-इंग्रजीसोबत मराठीचा स्वतंत्र चॅनेल आहे. वर्ग फक्त बायकांसाठी नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं. आवाज वर्गातल्या बाईंचाच आहे: प्रश्न टाकायचा, थांबायचं, मग उत्तर. मराठी घरात बाईंनी सांगितलेलं प्रमाण असतं. बाजार म्हणजे सट्टा आणि सट्टा म्हणजे घर बुडणं, असं ऐकत वाढलेल्या पिढीला ताळेबंद वाचायचा असतो हे बाईंनी सांगितलं, म्हणून पटलं. मुंबईत प्रीती राठी-गुप्ता यांनी खास बायकांसाठी गुंतवणुकीचा मंच काढला, इंग्रजीत चार अक्षरं लिहून ‘लक्ष्मी’ असा उच्चार. कल्पना चतुर आहे. पण मावशी पुण्याच्या बाईंनाच धरून आहे.

बाईंचा व्हिडिओ फुकट, पुढचे कोर्स पैसे भरून. त्यात वावगं काही नाही. शिकवणीची फी आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. त्याच पडद्यावर, त्याच बोटाखाली, पुढचा व्हिडिओ कुणाचाही असू शकतो. ‘शेअर बाजारातली लांडगीण’ अशी जाहिरात झालेल्या नवी मुंबईच्या अस्मिता पटेल यांच्या संस्थेविरुद्ध बाजार नियामक सेबीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये हंगामी आदेश काढला. नोंदणी नसताना शिक्षणाच्या नावाखाली गुंतवणूक-सल्ला दिल्याचा ठपका ठेवला आणि ५३ कोटींहून जास्त रक्कम गोठवायला सांगितली. चेन्नईतही हे घडून गेलंय. ऑप्शन व्यवहारांवर बोलणारे पी. आर. सुंदर यांनी २०२३ मध्ये सेबीशी तडजोड केली, सहा कोटींहून जास्त रक्कम भरली आणि वर्षभर बाजाराबाहेर राहणं मान्य केलं. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं आणखी एक खुंटी ठोकली: केवळ शिक्षण देतो म्हणणाऱ्यानं गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. मला हा नियम फार आवडला. शिक्षक आणि टिप देणारा यांच्यामध्ये तीन महिन्यांची भिंत. ताज्या भावाशिवाय ज्याचा तास रंगत नाही, तो शिकवत नव्हताच. वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर दहा किरकोळ व्यक्तींपैकी नऊ जण तोट्यात जातात, हे सेबीच्याच अभ्यासात पुन्हा पुन्हा आलंय. बायका त्यात कमी उतरतात आणि सरासरीनं तोटाही कमी करतात. ‘कळत नाही’चा हाही एक अर्थ.

आणि फसायला पडदाच लागतो असं थोडंच आहे? मद्रासला तो अनुभव जुना आहे. ऑक्टोबर १९०६ मध्ये अर्बथनॉट ही गोऱ्यांची प्रतिष्ठित पेढी बुडाली, हजारो ठेवीदार रस्त्यावर आले, आणि त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी इंडियन बँक उभी राहिली. १८७२ चा मैलापूर हिंदू परमनंट फंड म्हणजे इथल्या निवृत्तांचा देव्हाराच होता. २०२४ मध्ये ठेवी परत मिळेनात म्हणून लोक पोलिसांत गेले आणि ऑगस्टमध्ये फंडाच्या प्रमुखाला अटक झाली. वेस्ट मांबलममध्ये हा विषय काढला की माणसं गप्प होतात. आमच्याच घरचं सांगायचं तर मावशी एका बँकेत मुदत ठेव करायला गेली आणि दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी घेऊन आली. काउंटरवरचा मुलगा गोड होता, ‘अम्मा, अम्मा’ करत होता. कागद इंग्रजीत होता, बारीक टायपात. पॉलिसी आवडली नाही तर परत करायची मुदत तेव्हा पंधरा दिवसांची होती, आता तीस दिवसांची आहे. आम्हाला कळलं दुसऱ्या हप्त्याला.

इथे मला माण तालुक्याची आठवण काढावीच लागते. म्हसवड, जिल्हा सातारा, पाऊस नावालाच. १९९० च्या दशकात लोहारकाम करणारी कांताबाई रोजचे थोडे पैसे साठवायला बँकेत गेली आणि बँकेनं तिला परत पाठवलं: रक्कम फार छोटी. तिथे काम करणाऱ्या चेतना सिन्हा यांनी ठरवलं की बायकांची बँकच काढायची. रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायका काही महिने लिहा-वाचायला शिकल्या आणि या वेळी स्वतः रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना आव्हान दिलं: कुठलीही मुद्दल सांगा, तिचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला लावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, मीही सांगते. तिचा पुढचा भाग मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. खाती डिजिटल करायची वेळ आली तेव्हा बायकांना पिन नंबर देऊ केला, आणि बायकांनीच हरकत घेतली. नंबर कुणीही काढून घेईल. आमचा अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यासाठी परवाना अडला, त्यालाच त्यांनी कुलूप केलं. नंबर काढून घेणारा बहुतेकदा घरातलाच असतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नसेल. पण ते माहीत असल्याशिवाय असली मागणी सुचत नाही.

मावशीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “माझा तर नंबरच नाही कुणी काढून घ्यायला.”

मग आम्ही कपाट उघडलं. लॉकरवर पहिलं नाव काकांचं. मुदत ठेवींवर पहिलं नाव काकांचं, मावशी ‘नॉमिनी’. नॉमिनी म्हणजे मालक, असं तिला वाटत होतं आणि काकांनाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत स्पष्ट केलं की नॉमिनी वारस ठरत नाही; त्याच्या हाती मालमत्ता तात्पुरती येते, पुढे ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे जाते. तो खटला ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला होता. मी हे सांगत होते आणि समोर भिंतीवर कालनिर्णयच लटकत होतं. त्याच्या चौकटींत मावशीच्या बारीक अक्षरात अर्धा लिटर, एक लिटर, दूधवाला आला नाही. महिन्याच्या तळाशी बेरीज. चाळीस वर्षांचे हिशेब तिच्या हातचे, आणि कपाटातल्या एकाही कागदावर पहिलं नाव तिचं नाही.

कायद्यानं दरवाजे कधीच उघडून ठेवलेत. तमिळनाडूनं १९८९ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याखाली नवऱ्यानं विमा काढला, तर त्याचे सावकारसुद्धा त्या रकमेला हात लावू शकत नाहीत. दीडशे वर्षांचा कायदा, आणि विमा एजंट अर्जातला त्याचा चौकोन बहुतेकदा भरून घेत नाहीत. सरकारंही आता थेट बाईच्या खात्यात पैसे टाकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूनं कुटुंबातल्या कर्त्या बाईला महिना हजार द्यायला सुरुवात केली, महाराष्ट्रानं २०२४ मध्ये दीड हजार. आपली रक्कम मोठी होती. पण तिथल्या योजनेच्या नावात ‘उरिमै’ आहे, म्हणजे हक्क. आपल्या योजनेच्या नावात ‘लाडकी बहीण’. लाड करणारा भाऊ रुसूही शकतो. तरी २०२४ च्या पावसाळ्यात आधार जोडायला बँकांसमोर बायकांच्या ज्या रांगा लागल्या, त्यांत कित्येकींनी स्वतःच्या नावाचं खातं पहिल्यांदा हलवून जागं केलं, हे मी पुण्यात डोळ्यांनी बघितलंय. त्या रांगेतही एक प्रश्न सतत कानावर येत होता: “नंबर कुणाचा देऊ?”

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी बँकेत गेलो. काकांना सांगून गेलो. त्यांनी पेन दिलं आणि “पासबुक घ्या गं” एवढंच म्हणाले. मावशीच्या खात्याचा मोबाइल क्रमांक बदलायचा अर्ज एका पानाचा होता, तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत. मावशीनं चष्मा लावला. नाव लिहिलं, खाते क्रमांक न बघता लिहिला. जुना मोबाइल क्रमांक या रकान्यात काकांचा नंबर एका दमात उतरवला. चाळीस फॉर्मांवर, गॅसच्या पुस्तकावर, मसाल्याच्या पाकिटांवर लिहून तो हातात बसलेला.

नवीन मोबाइल क्रमांक. पेन थांबलं.

“माझा किती गं?” तिनं मला विचारलं. मलाही पाठ नव्हता. माझ्या फोनमध्ये तो ‘मावशी’ या नावानं आहे. तिनं पिशवीतून फोन काढला, सेटिंगमध्ये शोधायला लागली, सापडेना. शेवटी तिनं मला फोन लावला. माझ्या पडद्यावर नाव आलं, मी ते उघडून नंबर तिच्यासमोर धरला. मागच्या रांगेतल्या बाईनं घड्याळ बघितलं. मावशी एकेक आकडा पुटपुटत एकेका चौकोनात भरत होती, नऊ, आठ, चार, आणि सातव्या आकड्याला थांबून म्हणाली, “हळू जरा. पाठ करत्येय.”